टाकलेला पत्ता कोण उचलतो?

आज ड्राफ्टवर लिहायचं कबूल केलं होतं, ते पुढच्या आठवड्यावर ढकलतोय. कारण सांगलीहून आलेला एक प्रश्न. बेसबॉलमधला पिचर व्हरलँडर याच्या सौद्याबद्दल वाचून तिथले एक वाचक विचारतात, "खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत ३१ जुलैला संपायची असं तुम्हीच लिहिलंत. मग हा माणूस ३१ ऑगस्टला डेट्रॉइट सोडून ह्यूस्टनला गेलाच कसा?"

असा नेमका प्रश्न दोन ओळींत उरकणं जिवावर येतं. शिवाय त्याचं उत्तर वेव्हरमध्ये आहे, आणि वेव्हर हा माझा जुना नाद. ट्रेडवर सगळेच बोलतात. अमक्याच्या बदल्यात तमके तीन पोरगे, त्यातला एक होतकरूंच्या, म्हणजे प्रॉस्पेक्टांच्या, शंभरच्या यादीत, मग कोणी कोणाला टोपी घातली यावर आठवडाभर खल. वेव्हरची बातमी मात्र पानाच्या तळाशी एका ओळीत येते आणि तिच्यावर भांडायला कोणी बसत नाही. संघ फेरबांधणीला निघालेला असेल तर मी आधी ती ओळ वाचतो.

रमी खेळणाऱ्यांना मूळ कल्पना लगेच कळेल. तुम्ही नको म्हणून टाकलेला पत्ता उघडा पडतो आणि पुढच्याला तो उचलता येतो. इथे फक्त पाळी बसण्याच्या क्रमानं लागत नाही. गुणतक्त्यात जो सगळ्यात खाली त्याला पहिला हक्क. प्रत्येक क्लबची ४० जणांची एक यादी असते, त्यातले २६ प्रत्यक्ष सामन्यांसाठी. ४१वा हवा असेल तर कोणाला तरी यादीतून काढायचं. पण काढलेल्याला परस्पर खालच्या लीगमध्ये धाडता येत नाही. आधी बाकीच्या २९ क्लबांना विचारायचं, हवाय का कोणाला? त्यासाठी दोन दिवस. कोणी हात वर केला तर खेळाडू त्याचा आणि खेळाडूचा करारही त्याच्याच गळ्यात. एक किरकोळ ठरलेली रक्कम सोडली तर बदल्यात काही द्यावं लागत नाही.

हे झालं रोजचं. ऑगस्टमधला प्रकार वेगळा होता आणि २०१८पर्यंत चालला. जुलै संपल्यावर ४० जणांच्या यादीतला खेळाडू विकायचा असेल तर त्याला आधी वेव्हरवरून पार व्हावं लागे, पण हे वेव्हर मागे घेता येत. म्हणजे तुम्ही एखाद्याला ठेवलंत आणि कोणी त्याच्यावर हक्क सांगितला, तर तीन वाटा: त्याला परत ओढा, हक्क सांगणाऱ्याशी सौदा करा, नाहीतर करारासकट देऊन मोकळे व्हा. कोणीच हक्क सांगितला नाही तर मग वाटेल त्या क्लबाशी बोला, महिना संपेपर्यंत. सगळं गुपचूप चाले. खरा विकायचा कोण हे कळू नये म्हणून क्लब जवळजवळ अख्खा संघ एकामागून एक वेव्हरवर लावत.

या गुपचूपपणातून एक खोडी जन्माला आली: प्रतिस्पर्ध्याला मिळू नये म्हणून आपणच हक्क सांगायचा. १९९८च्या ऑगस्टमध्ये टोरंटोनं रँडी मायर्सला वेव्हरवर ठेवलं. डावखुरा, नावाजलेला, शेवटची इनिंग बंद करणारा पिचर. तो अटलांटाला मिळेल या धास्तीनं सॅन डिएगोनं हात वर केला. हिशेब असा की टोरंटो त्याला मागे घेईल आणि अटलांटाची वाट बंद होईल. टोरंटोनं मागे घेतलं नाही. घ्या म्हणाले, तुमचाच. सॅन डिएगोच्या पदरात खेळाडू पडला आणि त्याबरोबर दोन मोसमांचा, एक कोटी डॉलरहून मोठा करारही. मायर्स त्यांच्याकडून त्या वर्षी २१ सामने खेळला, तेही धड नाही. मग खांदा गेला आणि पुढे तो मेजर लीगमध्ये कधी दिसला नाही. अडवायला गेले आणि अडकले.

आता व्हरलँडर. २०१७चा ऑगस्ट. वय ३४, पूर्वार्ध बेताचा, आणि २०१८ व २०१९ या दोन वर्षांचे दर साल २ कोटी ८० लाख डॉलर शिल्लक. डेट्रॉइटच्या टायगर्सनी त्याला वेव्हरवर ठेवलं. २९ क्लबांपैकी कोणालाही तो प्रॉस्पेक्ट न देता मिळू शकत होता. एकानंही हात वर केला नाही. ह्यूस्टननंही नाही! आणि महिनाअखेरीला त्याच ह्यूस्टननं त्याच्यासाठी तीन पोरगे मोजले. वरकरणी हा वेडेपणा वाटतो. पण सौद्यात एक कलम होतं: पुढच्या दोन्ही वर्षी ८०-८० लाख डॉलर डेट्रॉइट भरणार. वेव्हरवरून उचलला असता तर पूर्ण करार गळ्यात आला असता. म्हणजे ह्यूस्टननं दिलेल्या तीन पोरांत व्हरलँडरची किंमत होतीच, पण त्या एक कोटी साठ लाखांचीही होती. प्रॉस्पेक्ट हे या धंद्यातलं चलन आहे, आणि खोटं ठरायला चार वर्षं घेणारं चलन.

सांगलीकरांच्या पत्रात एक उपप्रश्नही आहे: खेळाडूला कोणी विचारतं का? सहसा नाही. आयपीएलच्या ट्रेडमध्ये खेळाडूची संमती लागते. इथे सकाळी फोन येतो आणि संध्याकाळी दुसऱ्या गावची जर्सी. अपवाद असा की दहा वर्षं मेजर लीगमध्ये आणि त्यातली शेवटची पाच एकाच क्लबात काढलेल्याला नाही म्हणता येतं. व्हरलँडर त्यात बसत होता. मध्यरात्रीची मुदत, आणि त्याचा होकार शेवटच्या काही मिनिटांत. सौदा नोंदला गेला तेव्हा हातात सेकंद उरले होते.

आमच्या डेट्रॉइटच्या मराठी मंडळींत तेव्हा काय रण पेटलं होतं! इथले बरेचसे मोटारींच्या कंपन्यांतले इंजिनीअर, म्हणजे टायगर्सच्या प्रत्येक सौद्याचं पृथक्करण होणारच. नोव्हायचे आमचे एक मित्र दिवसभर गिअरबॉक्समधल्या बिघाडांची कारणं शोधतात आणि संध्याकाळी प्रॉस्पेक्टांच्या याद्या लावतात. त्यांचं म्हणणं, फ्रँकलिन पेरेझ हा खरा माल. १९ वर्षांचा व्हेनेझुएलन पिचर, सगळ्या याद्यांत वर. दुसरा डॅझ कॅमरन, माइक कॅमरनचा मुलगा, रक्तातच खेळ. तिसरा जेक रॉजर्स नावाचा कॅचर: झेल उत्तम, फेक उत्तम, फटका मारता येत नाही. मित्रांच्या भाषेत, वजनाला टाकलेला.

पेरेझला दुखापतींनी खाल्लं. टायगर्सच्या मुख्य संघाकडून त्यानं एकही चेंडू टाकला नाही. कॅमरन आला, चाचपडला, आणि २०२२च्या नोव्हेंबरात वेव्हरवरून बाल्टिमोरला गेला. राहिला तो वजनाला टाकलेला.

दरम्यान टायगर्सचं जे झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. २०१९मध्ये ४७ विजय, ११४ पराभव. आता गंमत बघा. सगळ्यात खाली म्हणजे वेव्हरच्या रांगेत सगळ्यात पुढे. इतर २९ जणांनी टाकलेला प्रत्येक पत्ता आधी यांच्यासमोर यायचा, यादीत जागाही मोकळ्या, आणि तरी हाती फारसं काही लागलं नाही. रांगेत पुढे उभं राहून भागत नाही, काय उचलायचं ते कळावं लागतं. हरणं ही फेरबांधणीची गुंतवणूक आहे असं जे क्लबवाले प्रेक्षकांना समजावतात, त्यांना मी नेहमी हे ११४ पराभव दाखवतो.

याच क्लबनं पाच वर्षं आधी उलट करून दाखवलं होतं. २०१४च्या मार्चमध्ये ह्यूस्टननं, म्हणजे तेव्हा बेसबॉलमध्ये सगळ्यात हुशार समजल्या जाणाऱ्या क्लबनं, जे. डी. मार्टिनेझला सोडून दिलं. त्यानं हिवाळ्यात आपला फटका मुळापासून बदलला होता. सराव सामन्यांत तो दाखवायला पुरेशा संधी त्याला मिळाल्या नाहीत. दोन दिवसांत टायगर्सनी त्याला खालच्या लीगच्या करारावर घेतलं. त्या वर्षी २३ होमरन, पुढच्या वर्षी ३८. एक पैशाचा प्रॉस्पेक्ट न देता. (२०१७च्या जुलैत त्याला तीन पोरांच्या बदल्यात ॲरिझोनाला विकला तो किस्सा मी आज उकरत नाही. डेट्रॉइटकरांना आणखी किती छळायचं?)

२०२२च्या सप्टेंबरात स्कॉट हॅरिस टायगर्सचा कारभारी झाला. नव्या माणसाकडून लोकांना मोठा सौदा हवा होता. ज्या नोव्हेंबरात कॅमरन गेला, त्याच नोव्हेंबरात टेक्ससनं टाकलेला अँडी इबान्येझ वेव्हरवरून आला. क्युबाचा, तिशीला टेकलेला, दोन-तीन जागी खेळू शकणारा, कुठल्याच यादीत नसलेला. नोव्हायच्या मित्रांनी मला बातमी पाठवली ती हसण्यासाठी. पण त्याचा एक गुण उघड होता: उजव्या हातानं खेळणारा हा माणूस डावखुऱ्या पिचरना बरा मारतो. एवढाच गुण, पण पक्का.

२०२४च्या ऑगस्टमध्ये टायगर्स ५५ विजय आणि ६३ पराभवांवर होते. बाद फेरीची शक्यता ०.२ टक्के दाखवली जात होती. जुलैअखेरीला त्यांनी जॅक फ्लॅहर्टीला डॉजर्सना विकलंही होतं. मग उरलेल्या ४४ सामन्यांत ३१ जिंकले. सप्टेंबरात गणपती होते. आरतीला एका हातात टाळ आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर स्कोअर अशी माणसं मी पाहिली आहेत. दहा वर्षांनी बाद फेरी आली आणि समोर कोण, तर ह्यूस्टन. मैदानही त्यांचंच. टायगर्सचा मॅनेजर ए. जे. हिंच, जो २०१७मध्ये ह्यूस्टनचा मॅनेजर होता. व्हरलँडर तेव्हा पुन्हा ह्यूस्टनकडे होता, पण त्या मालिकेसाठीच्या यादीत त्याला जागा मिळाली नाही. पहिल्या दिवशी टायगर्सचा पिचर स्कूबल यानं सहा इनिंग एकही धाव दिली नाही आणि त्याचे चेंडू झेलत होता जेक रॉजर्स. सात वर्षांपूर्वीच्या सौद्यातला उरलेला तो एकटा.

दुसऱ्या सामन्यात आठवी इनिंग, २-२ अशी बरोबरी, दोन बाद, तिन्ही बेस भरलेले. चेंडू ह्यूस्टनच्या जॉश हेडरच्या हातात. डावखुरा, लांब केसांचा, पाच वर्षांच्या साडेनऊ कोटी डॉलरच्या करारावर त्याच वर्षी आणलेला. हिंचनं ठरलेला फलंदाज मागे बोलावला आणि बदली म्हणून इबान्येझला पाठवलं. चेंडू डाव्या मैदानाच्या कोपऱ्याकडे सणसणत गेला, तिघेही धावत घरी आले, ५-२. मालिका तिथेच संपली. सलग सात वर्षं लीगच्या अंतिम फेरीत असलेलं ह्यूस्टन दोन दिवसांत बाहेर.

मित्रांचा यावरचा आक्षेप मी लपवत नाही, तो खरा आहे: एका इबान्येझमागे वेव्हरवरचे वीस जण असे असतात की त्यांची नावं त्यांच्या नव्या क्लबच्या लोकांनाही आठवत नाहीत. बरोबर. आणि पत्ता उचलूनही हात लागला नाही अशी उदाहरणं कमी नाहीत. होजे बॉतिस्ता २००४च्या एका मोसमात बाल्टिमोर, वेव्हरवरून टँपा बे, मग कॅन्सस सिटी, मग कागदोपत्री काही तास न्यूयॉर्क मेट्स, आणि शेवटी पिट्सबर्ग असा फिरला. सहा वर्षांनी टोरंटोकडून त्यानं ५४ होमरन मारले. वाटेतल्या बहुतेक क्लबांनी त्याला जवळून पाहिलं होतं. तरीही माझं मत बदलत नाही. प्रॉस्पेक्टांच्या याद्या सगळ्यांकडे सारख्याच असतात. दुसऱ्यानं टाकलेल्यात काय पाहायचं हे प्रत्येकाला स्वतःच शोधावं लागतं.

सांगलीच्या वाचकांसाठी एक शेपूट. ऑगस्टची ती चोरवाट २०१९पासून बंद झाली. आता मुदत संपली की संपली. रोजचे, मागे न घेता येणारे वेव्हर मात्र राहिले, आणि २०२३मध्ये लॉस एंजेलिस एंजल्सनी त्यातूनच तमाशा केला. जुलैअखेरीला आपला तारा ओहतानी याच्या करारातल्या शेवटच्या मोसमासाठी त्यांनी शिकागो व्हाइट सॉक्सना आपले दोन उत्तम प्रॉस्पेक्ट देऊन लुकास जिओलिटो आणि रेनाल्डो लोपेझ हे पिचर आणले. ऑगस्टभर हरले. महिनाअखेरीला पगाराच्या करमर्यादेखाली यायला त्या दोघांसह सहा जणांना एकदम वेव्हरवर ठेवलं. जिओलिटो, लोपेझ आणि मॅट मूर, तिघेही क्लीव्हलँडनं उचलले. महिन्याभरापूर्वी दोन प्रॉस्पेक्ट मोजून आणलेला माल क्लीव्हलँडला फक्त उरलेल्या पगारात. तेही बाद फेरीत पोचले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

ड्राफ्ट आता नक्की पुढच्या आठवड्यात. २०१८मध्ये पहिली निवड टायगर्सची होती आणि सगळ्यांच्या तोंडी केसी माइझचं नाव होतं. स्कूबल त्याच ड्राफ्टात नवव्या फेरीत सापडला, कोपराचं ऑपरेशन झालेला. सुरुवात तिथूनच करू.