एशियाडमध्ये कोणता खेळ असणार, हे ठरतं कसं? कबड्डी आत आली, खो-खो अजून बाहेर

एसटीच्या निमआराम गाडीला जुनी माणसं अजूनही 'एशियाड' म्हणतात. पुढं त्या गाडीचं नाव हिरकणी झालं, तरी तोंडातलं एशियाड काही गेलं नाही. हे नाव आलं १९८२ साली दिल्लीत भरलेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेवरून. त्याच वर्षी टीव्हीवर रंगीत चित्र आलं आणि अप्पू हत्ती घराघरात पोचला. पण आपल्या गावाकडच्या पोरांच्या दृष्टीनं त्या स्पर्धेत सगळ्यात मोठी गोष्ट घडली ती कबड्डीच्या बाबतीत.

ही स्पर्धा मुळात भारतानंच सुरू केली. गुरुदत्त सोंधी यांनी कल्पना मांडली, १९४९ साली दिल्लीत आशियाई देशांचा महासंघ झाला आणि मार्च १९५१ मध्ये दिल्लीतच पहिली स्पर्धा भरली. ११ देशांचे ४८९ खेळाडू आले होते. महायुद्धातल्या भूमिकेमुळं १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला जपानला बोलावलं नव्हतं, पण दिल्लीनं बोलावलं, आणि सगळ्यात जास्त सुवर्णपदकं जपाननंच नेली. भारत दुसरा आला. पोहण्यात सचिन नाग यांनी भारताला पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. फुटबॉलचं सुवर्णही आपलंच होतं. आज हे सांगितलं तर पोरं हसतात!

दर चार वर्षांनी स्पर्धा होते. यजमानपद म्हणजे लग्नघराची जबाबदारीच. मैदानं, राहण्याजेवण्याची सोय, बंदोबस्त, सगळं यजमानाकडं. हे सगळ्यांनाच झेपत नाही. १९७० ची स्पर्धा दक्षिण कोरियातल्या सोलला होती, त्यांनी हात वर केले. १९७८ ची पाकिस्तानात व्हायची होती, तीही हुकली. दोन्ही वेळा थायलंडच्या बँकॉकनं स्पर्धा अंगावर घेतली. अलीकडं व्हिएतनामच्या हनोईनं खर्च पाहून माघार घेतली आणि २०१८ ला इंडोनेशिया पुढं आला.

मग एवढा खर्च करून यजमानाला मिळतं काय? नाव मिळतं, रस्ते-मैदानं होतात. शिवाय खेळांच्या यादीत यजमानाचा शब्द चालतो, आणि हे सहसा कुणी सांगत नाही. अॅथलेटिक्स, पोहणं असे खेळ असतातच. त्यापलीकडं कोणते घ्यायचे यात यजमान आपलं म्हणणं मांडतो, शेवटची मंजुरी आशियाई ऑलिंपिक परिषद देते.

याचा फायदा भारतानंही घेतलेला आहे. १९८२ ला घोडेस्वारी, गोल्फ आणि महिला हॉकी हे खेळ नव्यानं आले. भारताला त्यावेळी एकूण १३ सुवर्णं मिळाली. त्यातली ३ घोडेस्वारीत, २ गोल्फमध्ये आणि १ महिला हॉकीत. म्हणजे जवळजवळ निम्मी! इंडोनेशियानं २०१८ ला आपला पेंचाक सिलाट हा लढतीचा खेळ घातला आणि त्यातल्या १६ पैकी १४ सुवर्णं स्वतः नेली. पुढची स्पर्धा चीनच्या हांगझोऊला झाली, तर तो खेळ यादीतच नव्हता. यजमान बदलला की पान उलटतं, ते असं.

कबड्डी दिल्लीत १९८२ ला फक्त प्रात्यक्षिक म्हणून खेळली गेली, पदक नव्हतं. १९८६ ला सोलमध्ये तर ती नव्हतीच. पण दिल्लीत आशियातल्या देशांनी खेळ बघितला होता. १९९० ला बीजिंगमध्ये कबड्डी पदकाचा खेळ झाली. आणि त्या स्पर्धेत भारताच्या सगळ्या पथकाला मिळून एकच सुवर्ण मिळालं, ते कबड्डीचं. बाकी कुठल्याच खेळात सुवर्ण नाही. कबड्डी नसती तर रिकाम्या हातानं म्हणावं असंच परतावं लागलं असतं. महिलांची कबड्डी २०१० पासून आहे.

२०१८ ला मात्र इराणनं दणका दिला. पुरुष संघ उपांत्य फेरीत हरला, महिला अंतिम सामन्यात. आपलाच खेळ म्हणून गाफील राहायचे दिवस तिथं संपले. कोरोनामुळं लांबलेली हांगझोऊची स्पर्धा २०२३ ला झाली तेव्हा दोन्ही सुवर्णं परत आली, पण महिलांनी चायनीज तैपेईला हरवलं ते २६-२५ असं, एका गुणानं. भारताची पदकं त्यावेळी पहिल्यांदाच शंभरावर गेली, १०७. त्यात बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचं ३००० मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण होतं.

आता खो-खोचं बघा. तालुक्या-तालुक्यात पोरी जीव तोडून खो-खो खेळतात, पण एशियाडच्या पदकांत तो अजून नाही. दक्षिण आशियाई स्पर्धेत मात्र तो २०१६ ला आला. ती स्पर्धा गुवाहाटी आणि शिलाँगला होती, म्हणजे यजमान आपणच! भारतानं दोन्ही सुवर्णं घेतली. पुढं २०१९ ला नेपाळनंही खो-खो ठेवला. कबड्डीचा रस्ता असाच सुरू झाला होता.

यापुढची एशियाड १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर २०२६ या काळात जपानच्या आइची-नागोयात ठरलेली आहे. खर्च कमी करायचा म्हणून तिथं खेळाडूंसाठी वेगळी वसाहतच न बांधायचं ठरलं. कबड्डी यादीत आहे. त्यानंतर २०३० ला दोहा आणि २०३४ ला रियाध, म्हणजे एशियाडचं यजमानपद तोवर तरी आपल्याकडं नाही. राष्ट्रकुल स्पर्धा मात्र २०३० ला अहमदाबादला होणार आहे. तिथल्या यादीत कबड्डी किंवा खो-खो बसतो का, याकडं तालुक्यातल्या क्रीडाशिक्षकांनी आत्तापासून लक्ष ठेवायला हरकत नाही.