कोंडलेल्या वाऱ्याचा ताप

बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या सीमेलगत वसलेले मंठाळ बसवकल्याण तालुक्यात मोडते. आणि जे बसवकल्याण चालुक्यांची राजधानी व बसवेश्वरांची कर्मभूमी म्हणून इतिहासाला ठाऊक आहे, ते आज मालमोटारींच्या धंद्यासाठी दूरवर ख्यात आहे. सोलापूर-उमरग्याकडून हैदराबादेस जाणारा राजमार्ग याच तालुक्यातून, सस्तापूर बंगल्यावरून हुमनाबादेकडे जातो. त्यामुळे टर्बो आणि इंटरकूलर ही नावे या मुलखात पुस्तकी राहिलेली नाहीत. ‘गाडी ओढत नाही, काळा धूर सोडते’ एवढी फिर्याद कानी पडताच जाणता मिस्तरी इंजिन उघडण्यापूर्वी इंटरकूलरचा रबरी पाइप आणि त्याची क्लिप चाचपून पाहतो. ज्या अवयवाची परीक्षा अशी हाताच्या स्पर्शाने होते, त्याची रचना मात्र मोठ्या काटेकोर जमाखर्चावर उभी आहे.

वाहून जाणाऱ्या उष्ण धुराच्या वेगावर चक्र फिरवून त्या चक्राकरवी इंजिनात अधिक हवा कोंबावी, ही टर्बोची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूची याने १९०५ साली पेटंटात नोंदविली. परंतु हवा दाबली म्हणजे ती तापते, आणि तापलेली हवा विरळ होते. म्हणजे एका हाताने मिळविलेले दुसऱ्या हाताने अंशतः निसटते. मंठाळच्या वैशाखातील ४० अंशांची हवा घ्या आणि सत्तर टक्के कार्यक्षमतेच्या संपीडकाने तिचा दाब दुप्पट करा: ती सुमारे १३८ अंशांवर जाते, आणि जी घनता दुप्पट व्हावयाची ती जेमतेम दीडपट भरते. तीच हवा इंटरकूलरच्या, म्हणजे थोडक्यात कूलरच्या, जाळीतून नेऊन ६० अंशांपर्यंत उतरविली, तर वाटेत थोडा दाब खर्ची पडूनही घनता १.८ पटीच्या पुढे जाते. इंजिनाचा आकार तोच, आणि पदरात पडलेला प्राणवायू मात्र पाचव्या हिश्श्याने अधिक.

येथे एक गोष्ट ध्यानी धरावी लागते, की बाहेरच्या वाऱ्याने थंड होणारा कूलर त्या वाऱ्यापेक्षा थंड हवा कधीच देऊ शकत नाही. ज्या देशात बाहेरची हवा १५ अंशांची, तेथे हाच कूलर त्याच दाबाची हवा ३३ अंशांवर आणून देईल. आमच्याकडे त्याची धाव ६० पाशीच संपते. शिवाय हे पठार समुद्रसपाटीपासून सहाशेएक मीटर उंच असल्यामुळे हवेचा दाब मुळातच सहा-सात टक्क्यांनी उणा, आणि तो भरून काढण्यासाठी टर्बोला अधिक कष्ट, म्हणून अधिक ताप. शीत देशातील चाचणीचे आकडे आमच्या मे महिन्यास जसेच्या तसे लावणाऱ्या जाहिरातींवर माझा तरी विश्वास बसत नाही.

मग कूलर मोठा करावा, असे कोणासही वाटेल. आणि रचनाकाराची खरी कसोटी येथेच लागते. जाळीची जाडी वाढविली, तर मागच्या थरांना पुढच्या थरांनी आधीच तापविलेला वारा मिळतो, आणि मागे उभा असलेला रेडिएटर उपाशी राहतो. म्हणून जाडीपेक्षा वाऱ्यासमोरचे क्षेत्रफळ वाढविणे केव्हाही श्रेयस्कर. नळ्यांच्या आत पाती दाट बसविली, तर उष्णता जलद निघते, परंतु दाब घटतो. तो भरून काढण्यास टर्बो अधिक वेगाने फिरतो आणि अधिक तापलेली हवा पाठवितो. कूलरची आतली पोकळी फार वाढविली, तर ती दाबाने भरेपर्यंत पाय दाबूनही गाडी क्षणभर आळसावते. दोन्ही टोकांच्या टाक्या बेढब झाल्या, तर सारा ओघ मोजक्या नळ्यांतूनच धावतो आणि उरलेली जाळी निव्वळ ओझे ठरते. शर्यतीच्या हौसेने विटेएवढा जाड कूलर बंपरमागे मिरविणारे तरुण पाहिले, की हा जमाखर्च त्यांना कोणी समजावून दिलेला नसावा असे वाटते. पट्ट्या आणि पत्रे रचून केलेली जड जाळी शर्यतीत शोभते, कारण अल्पकाळच्या जोराचा ताप ती आपल्या वस्तुमानातच सामावून घेते. रोजच्या रस्त्याला मात्र वारा मोकळेपणी जाऊ देणारी नळी-पात्यांची हलकी जाळीच मानवते.

घडणीचे मर्म भट्टीत आहे. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर सिलिकॉनमिश्रित ॲल्युमिनियमचा पातळ थर चढविलेला असतो. नळ्या आणि नागमोडी पाती एकावर एक रचून, चौकटीत आवळून, नायट्रोजनच्या वातावरणात त्यांना सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवितात. वरचा थर वितळून सांध्यासांध्यांत शिरतो, आणि गाभ्याचा पत्रा, ज्याचा वितळबिंदू ६४० च्या आसपास, घन राहतो. एवढ्या अरुंद पट्टीत सगळा कारभार; त्यातच ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा पापुद्रा हटविण्यास फ्लक्स लावावा लागतो. हाताने बांधलेल्या कूलरच्या टाक्या आर्गन वेल्डिंगने जोडतात, तर कारखान्यातील मोटारींना पुष्कळदा प्लॅस्टिकच्या टाक्या रबरी गास्केटसह दाबून बसवितात. अखेरीस आत हवा भरून जाळी पाण्यात बुडवितात. बुडबुडा दिसला, तर माल नापास.

या उपकरणाने प्रथम नाव काढले ते विमानांत: १९४२ सालच्या स्पिटफायरमधील मर्लिन ६१ इंजिनाच्या दुहेरी संपीडकाला अशीच शीतकाची जोड होती. मोटारींत १९७८ च्या पोर्शे ९११ टर्बोने मागच्या पंखाखाली कूलर बसवून त्याला प्रतिष्ठा दिली. आमच्या मालमोटारींवर तो आला तो मात्र वेगाच्या हौसेने नव्हे. २००० सालापासून क्रमाने कडक होत गेलेल्या धूरनियमांचा हुकूमही त्यामागे होता, कारण थंड हवेने ज्वलनाचे कमाल तापमान उतरते आणि नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे घटतात. टाटांच्या इंजिनांवरील ‘टीसीआयसी’ (टर्बोचार्ज्ड, इंटरकूल्ड) ही अक्षरे या महामार्गावरच्या क्लीनरलाही पाठ आहेत. जपानच्या टोयो रेडिएटरशी भागीदारी करून टाटांनी पुण्याजवळ हिंजवडीस अशा शीतकांचा कारखाना काढला. नाशिकच्या स्कॉर्पिओच्या बॉनेटवरील खाच निव्वळ शोभेची नव्हे, तिच्यातून आलेला वारा खाली आडव्या कूलरवर पडे; आणि चाकणला तयार होणाऱ्या एक लिटरच्या टीएसआय मोटारींत तर कूलर इंजिनाच्या श्वसनमार्गातच बसवून त्यातून पाणी खेळविलेले असते, ज्यामुळे भरावयाची पोकळी अगदी थोडी उरते.

या मुलखात कूलरचे दोन शत्रू. आतून, झिजलेल्या टर्बोच्या सीलमधून येणारे तेल, जे नळ्यांच्या भिंतींवर लेप चढवून उष्णतेची वाट अडविते. आणि बाहेरून, सुगीच्या दिवसांत तुरीच्या मळण्यांवरून उडणारा भुसा, जो धुळीत कालवून पात्यांत घट्ट बसतो. जाणते मिस्तरी पाणी मागच्या बाजूने आणि मंद जोराने सोडतात. धुलाई केंद्रातील जोरकस फवारा समोरून मारला, की कागदासारखी पाती आडवी होतात, आणि मग भुसा निघूनही वारा आत शिरत नाही.