विद्यापीठांतील संगणकसेवा व तिचे नियम

पूर्वी विद्यापीठात नव्याने रुजू होणाऱ्या अध्यापकास वेळापत्रक, खोलीची किल्ली आणि ग्रंथालयाचे ओळखपत्र एवढे मिळाले की त्याचे काम सुरू होत असे. आज याबरोबरच, किंबहुना याच्याही आधी, त्यास संगणकावरील एक खाते मिळते. या खात्यावाचून त्यास पत्रव्यवहार करता येत नाही, विद्यार्थ्यांचे गुण नोंदविता येत नाहीत की रजेचा अर्जही देता येत नाही. खात्याबरोबर नियमांचा एक कागद येतो व ‘नियम वाचले व मान्य आहेत’ असे त्यास कळवावे लागते. पुष्कळ जण ते न वाचताच मान्यता देतात. हे नियम कोणत्या गरजेतून झाले, त्यांत ढिलाई झाली असता काय घडते आणि आपल्या प्राथमिक शाळांनी त्यापासून काय घ्यावे, यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

खाते व परवलीचा शब्द

आरंभीच्या काळात संगणक हे अवाढव्य व अतिशय महाग यंत्र होते. एका वेळी एकाचेच काम त्यावर चाले आणि इतरांना तिष्ठत बसावे लागे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो व त्यांचे सहकारी यांनी १९६१ साली एक नवी योजना चालवून दाखविली. यंत्राचा वेळ अगदी लहान लहान तुकड्यांत वाटून तो अनेकांना आळीपाळीने द्यावयाचा, म्हणजे प्रत्येकास यंत्र आपल्यासाठीच चालले आहे असे वाटते, अशी ती योजना होती.

यंत्र एक आणि वापरणारे अनेक अशी स्थिती झाली तेव्हा एकाच्या फायली दुसऱ्याने पाहू नयेत व ठरलेल्या वाट्याहून अधिक वेळ कोणी घेऊ नये, अशी व्यवस्था करणे भाग पडले. पहाऱ्यावरील शिपाई परवलीचा शब्द विचारतो, त्याप्रमाणे यंत्रही शब्द विचारू लागले. आज ज्याला आपण पासवर्ड म्हणतो, त्याचा संगणकावरील वापर येथून रूढ झाला.

या व्यवस्थेतील उणिवाही लवकरच दिसून आल्या. १९६२ साली एका संशोधक विद्यार्थ्यास आपल्या वाट्याचा वेळ अपुरा वाटू लागला, म्हणून त्याने सर्वांच्या पासवर्डांची यादीच छापून घेतली. पुढे १९६६ च्या सुमारास दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन निरनिराळ्या फायलींत दुरुस्ती करीत होते. एकीत सर्वांसाठी लिहिलेली दैनिक सूचना होती व दुसरीत सर्वांचे पासवर्ड होते. यंत्रणेतील एका दोषामुळे दोहोंची अदलाबदल झाली आणि जो जो यंत्रावर काम करावयास बसला, त्याच्यापुढे सूचनेऐवजी सर्वांचे पासवर्ड उभे राहिले. कुलूप भक्कम असले तरी किल्ल्या ठेवण्याची रीत चुकीची असेल तर त्याचा उपयोग नाही, हा धडा त्या वेळीच मिळाला होता.

सेवांचे स्वरूप

विद्यापीठाचा संगणक विभाग आज टपालखाते, दप्तरखाना, कोठार आणि पहारा ही चारही कामे एकत्र पाहतो. विद्यापीठाच्या नावाचा ई-मेल पत्ता, अध्यापनसाहित्य ठेवण्याची जागा, संशोधनाची साठवण, गुण व वेतन यांच्या नोंदी, इंटरनेट आणि अडचणीच्या वेळी मदत करणारा कक्ष, या त्यांतील मुख्य सेवा होत.

यांपैकी एका सेवेची रचना मुद्दाम समजून घेण्याजोगी आहे. तिचे नाव एड्युरोम. नेदरलँड्समधील शिक्षणसंस्थांच्या जाळ्यात २००२ च्या सुमारास ही कल्पना पुढे आली व आज ती शंभराहून अधिक देशांत पसरली आहे. भारतात ती अर्नेट इंडिया या संस्थेमार्फत चालते. या सेवेत सहभागी असलेल्या विद्यापीठाचा अध्यापक दुसऱ्या सहभागी विद्यापीठात गेला, तर तेथील इंटरनेट त्यास आपल्याच खात्याने वापरता येते. यजमान विद्यापीठ त्याच्या मूळ विद्यापीठास केवळ ‘ही व्यक्ती तुमची काय?’ असे विचारते. मूळ विद्यापीठ पासवर्ड तपासून होय किंवा नाही एवढेच कळविते. व्यवस्था नीट लावलेली असेल तर पासवर्ड यजमानास कधीच कळत नाही. अर्थात् अध्यापकाच्या मागे त्याची संस्था जामीन म्हणून उभी असते. संस्थेने दिलेले खाते ही व्यक्तीची खाजगी मालमत्ता नसून संस्थेने तिच्यावर टाकलेला विश्वास आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

नियमांचा आशय

निरनिराळ्या विद्यापीठांच्या नियमांची भाषा वेगळी असली तरी आशय बहुधा सारखाच असतो. खाते ज्याचे त्यानेच वापरावे. पासवर्ड मदतकक्षालाही सांगू नये. विद्यार्थ्यांची माहिती कामापुरतीच पाहावी व बाहेर नेऊ नये. संगणकातील दुरुस्त्या, ज्यांना अपडेट म्हणतात, वेळच्या वेळी घ्याव्यात. नोकरी सोडताना खाते बंद करून घ्यावे. संशयास्पद काही आढळल्यास ताबडतोब कळवावे. पासवर्डाखेरीज मोबाइलवर येणाऱ्या क्रमांकाने दुसऱ्यांदा ओळख पटविण्याची सक्तीही आता अनेक ठिकाणी आहे. वाचताना हे सर्व क्षुल्लक वाटते. ते तसे नाही, हे पुढील हकीकतीवरून दिसेल.

मास्त्रिख्त विद्यापीठाची हकीकत

नेदरलँड्सच्या दक्षिण टोकाला, मास नदीच्या काठी मास्त्रिख्त नावाचे शहर आहे. तेथील विद्यापीठाची स्थापना १९७६ साली झाली. २०१९ साली तेथे सुमारे १८ हजार विद्यार्थी व चार हजारांवर कर्मचारी होते. त्या वर्षी १५ व १६ ऑक्टोबर रोजी तेथील काही कर्मचाऱ्यांना ई-मेल आले. त्यांत एक दुवा होता. दुवा उघडला की एक्सेलचा तक्ता येई आणि त्या तक्त्यात दडविलेल्या आज्ञा संगणकात एक घातक प्रोग्रॅम आणून बसवीत. मासा आमिषाला भुलून गळाला लागतो, तशी ही युक्ती असल्यामुळे तिला फिशिंग म्हणतात. काही जण त्या गळाला लागले.

त्या दिवशी वरकरणी काहीच बिघडले नाही, आणि या प्रकाराची खरी भीषणता येथेच आहे. चोर घरात शिरला होता, परंतु घाई न करता तो दोन महिने दालनामागून दालन चाचपीत राहिला. काही सर्व्हरांवर आवश्यक ते अपडेट बसविलेले नव्हते. त्याचा लाभ घेऊन २१ नोव्हेंबरपर्यंत त्याने व्यवस्थापकाचे अधिकार हस्तगत केले, म्हणजे जणू किल्ल्यांचा सारा जुडगाच त्याच्या हाती आला. २३ डिसेंबरला, नाताळची सुटी लागत असताना, त्याने २६७ सर्व्हरांवरील फायली सांकेतिक लिपीत कुलूपबंद केल्या व किल्लीसाठी खंडणी मागितली.

अशा प्रसंगी राखीव प्रती उपयोगी पडावयाच्या. परंतु काही महत्त्वाच्या राखीव प्रती त्याच जाळ्यात जोडून ठेवलेल्या होत्या, त्यामुळे त्यांनाही कुलूप लागले. धान्याचे पेव आणि बियाण्याची कणगी एकाच घरात असावी आणि त्या घराला आग लागावी, तसे हे झाले. विद्यापीठापुढे दोन मार्ग उरले. सर्व यंत्रणा मुळापासून उभारावयाची, तर परीक्षा, संशोधन व वेतन दीर्घकाळ अडून राहणार. खंडणी द्यावयाची, तर गुन्हेगाराचे पोषण होणार. पुष्कळ विचारविनिमयानंतर विद्यापीठाने ३० बिटकॉइन, म्हणजे त्या वेळचे सुमारे दोन लाख युरो देऊन किल्ली मिळविली. ६ जानेवारी २०२० रोजी अध्यापन पुन्हा सुरू झाले.

यापुढे विद्यापीठाने जे केले ते अनुकरणीय आहे. तज्ज्ञांकडून चौकशी करवून ५ फेब्रुवारी २०२० रोजी त्याने तिचे निष्कर्ष जाहीर सभेत मांडले. ज्यांनी ई-मेल उघडला त्यांच्या माथी सारा दोष मारून मोकळे होण्याचा मार्ग त्याने पत्करला नाही. हजारो माणसांत कोणी ना कोणी केव्हातरी फसणारच. म्हणून एकाच्या चुकीने सारे घर जळू नये, अशी घराची रचना हवी. अपडेट वेळेवर घेणे, जाळ्याचे भाग परस्परांपासून अलग राखणे, रात्रंदिवस देखरेख ठेवणे आणि राखीव प्रत जाळ्याबाहेर ठेवणे, हे उपाय त्यातून पुढे आले. खंडणीचा काही भाग तपासात गोठविण्यात आला होता. बिटकॉइनचा भाव चढल्यामुळे २०२२ साली त्याची किंमत सुमारे पाच लाख युरो झाली. ही रक्कम गरजू विद्यार्थ्यांच्या साहाय्यासाठी वापरण्याचे विद्यापीठाने ठरविले.

प्राथमिक शाळेसाठी बोध

दोन वर्गखोल्यांच्या शाळेस या गोष्टी दूरच्या वाटण्याचा संभव आहे. परंतु यू-डायस प्लसवरील विद्यार्थ्यांची नोंद व शालार्थमधील वेतनाची नोंद ही खात्यावर व पासवर्डावरच चालते. त्यांत बालकांची नावे, जन्मतारखा व आधार क्रमांक असतात. पालकांनी ही माहिती शाळेवर विश्वासून दिलेली असते. यास्तव पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

(१) शाळेच्या खात्याचा पासवर्ड व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नये, कार्यालयातील फलकावर लिहू नये. संगणक केंद्रातून माहिती भरून घेतल्यास काम संपताच खात्यातून बाहेर पडावे व पासवर्ड बदलावा.

(२) मोबाइलवर आलेला ओटीपी कोणासही सांगू नये. वरिष्ठ कार्यालयाच्या नावाने फोन आला तरी आधी त्या कार्यालयाच्या माहीत असलेल्या क्रमांकावर विचारून खात्री करावी.

(३) वेतनातील फरक, केवायसी किंवा बदलीची यादी अशा विषयांचे आमिष दाखविणारा अनोळखी दुवा उघडू नये. घाई करावयास लावणारा मजकूर विशेष संशयास्पद समजावा.

(४) विद्यार्थ्यांच्या याद्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन तो संगणकापासून अलग, कपाटात कुलपाखाली ठेवावा. जनरल रजिस्टर अद्ययावत् असणे ही तर सर्वांत जुनी व भरवशाची राखीव प्रत होय.

(५) मुख्याध्यापकाची बदली झाल्यास कार्यभाराच्या यादीत खात्यांचाही समावेश असावा आणि नव्या मुख्याध्यापकाने त्याच दिवशी पासवर्ड बदलावेत.

(६) चूक झाल्यास ती लपवू नये. केंद्रप्रमुखांस व गटशिक्षणाधिकारी कार्यालयास तत्काळ कळवावे. पैशाची फसवणूक झाली असेल तर १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

यांतील शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. मास्त्रिख्त येथे पहिल्या चुकीपासून अनर्थापर्यंत दोन महिन्यांहून अधिक काळ गेला होता. चूक वेळीच उघड झाली तर असा काळ सावरण्यासाठी वापरता येतो. परंतु शिक्षेच्या भयाने चूक दडविली गेली, तर तो सारा काळ चोराच्या पदरात पडतो. म्हणून चूक निवेदन करणाऱ्या सहकाऱ्यास मुख्याध्यापकांनी व अधिकाऱ्यांनी धीर द्यावा. ज्या शाळेत विद्यार्थी आपली चूक निर्भयपणे सांगतो, ती शाळा चांगली असे शिक्षक मानतात. शिक्षकांसही हाच न्याय लागू केला, तर नियमांचा कागद केवळ सहीपुरता राहणार नाही.