ब्रेकचा लाल दिवा काय सांगतो?

ग्रामीण जीवनात मोटारगाडीला आज जे स्थान प्राप्त झाले आहे, ते चैनीच्या वस्तूचे खासच नव्हे. प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका, पंचायत समितीची जीप, शाळेची बस, बाजारपेठेत भाजीपाला नेणारा टेम्पो, ही सारी वाहने गावाच्या दैनंदिन व्यवहाराचा अविभाज्य भाग होऊन बसली आहेत. वाहन चालू करण्याचे ज्ञान चालकाला असतेच. परंतु वाहन थांबविणारी यंत्रणा कशी चालते आणि ती बिघडू लागल्याची सूचना कशी मिळते, याची जाण चालकाइतकीच त्या वाहनाचा वापर करणाऱ्यांना आणि त्याच्या देखभालीची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांनाही असणे अगत्याचे आहे. ही सूचना देण्याचे काम चालकासमोरील फलकावरचा एक लहानसा लाल दिवा करीत असतो. वर्तुळात उद्गारचिन्ह आणि वर्तुळाच्या दोन्ही बाजूंस कंस, असे त्याचे चिन्ह असते.

हा दिवा दिसला की, “हँडब्रेकचा असेल” किंवा “वायरिंगचा दोष असेल” असे म्हणून तो दुर्लक्षिण्याची प्रवृत्ती पुष्कळ ठिकाणी आढळते. कित्येकदा ते खरेही असते. तथापि, ते खरे आहे की नाही हे पाच-दहा मिनिटांत तपासता येत असताना अंदाजावर विसंबणे शहाणपणाचे ठरत नाही.

पायाचा दाब चाकापर्यंत कसा पोहोचतो?

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम सतराव्या शतकात ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडला. माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांना तो परिचित आहे. मोटारीचे ब्रेक याच नियमावर चालतात. द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक चारही चाकांना बसविलेली प्रवासी मोटार अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीने १९२१ साली बाजारात आणली. तपशिलात पुष्कळ सुधारणा झाल्या असल्या, तरी मूळ तत्त्व आजही तेच आहे.

चालकाने पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पुढे सरकतो. तेथे निर्माण झालेला दाब ब्रेक ऑइलमार्फत बारीक नळ्यांतून प्रत्येक चाकापाशी जातो आणि तेथील दट्ट्याला ढकलतो. पुढील चाकांस बहुधा डिस्क असते, तिला दोन्ही बाजूंनी ब्रेक पॅड आवळतात. मागील चाकांस ड्रम असल्यास त्याच्या आतून लायनर घासतात. समजा, पेडलच्या तरफेने पायाचा जोर चौपट केला आणि चाकाजवळील दट्ट्याचे क्षेत्रफळ मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याच्या सहापट आहे. अशा रचनेत पायाच्या २० किलो भाराचे चाकाजवळ ४८० किलो होतात. शिवाय इंजिनाच्या निर्वात दाबावर चालणारा बूस्टर त्यात आणखी भर घालतो.

या सर्व व्यवस्थेचा प्राण म्हणजे ते थोडेसे ब्रेक ऑइल. ते कमी झाले आणि त्याच्या जागी हवा शिरली, तर पायाचा जोर हवा दाबण्यातच खर्ची पडतो, कारण द्रव जवळपास दाबला जात नाही, हवा मात्र सहज दाबली जाते. म्हणूनच आधुनिक मोटारींत ब्रेकची यंत्रणा दोन स्वतंत्र मार्गांत विभागलेली असते. एक मार्ग निकामी झाला तरी दुसरा काम करतो. मात्र अशा वेळी पेडल नेहमीपेक्षा खोल जाते आणि गाडी थांबण्यास अधिक अंतर लागते.

दिवा लागण्याची कारणे

किल्ली फिरविताच हा दिवा काही क्षण लागणे आणि नंतर विझणे, हे यंत्रणा ठीक असल्याचे लक्षण होय. किल्ली फिरविल्यावर दिवा मुळीच लागला नाही, तर दिवाच गेला असण्याचा किंवा वीजमार्गात खंड पडल्याचा संभव असतो. तेव्हा तो न लागणे हाही एक दोषच समजावा. मुका पहारेकरी काय कामाचा?

इंजिन चालू झाल्यावरही दिवा तेवत राहिला, तर पुढील क्रमाने तपासणी करावी. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगडाची किंवा लाकडाची उटी लावावी आणि मगच कामास लागावे.

पहिली पायरी हँडब्रेकची. तो पूर्णपणे खाली सोडला आहे काय, ते पाहावे. दांडा अर्धवट वर राहिला तरी त्याच्या मुळाशी असलेला स्विच दिवा लावतो. दांडा किंचित वर ओढून पुन्हा खाली दाबताच दिवा विझला, तर स्विचची किंवा दांड्याची जुळणी करून घ्यावी. काही गाड्यांत हँडब्रेकसाठी ‘पी’ अक्षराचा वेगळा दिवा असतो. तेव्हा कोणता दिवा लागला आहे हे गाडीच्या पुस्तिकेत आधी पाहून घ्यावे.

दुसरी पायरी ब्रेक ऑइलची. बॉनेट उघडल्यावर चालकाच्या बाजूस बहुधा एक पांढुरकी, अर्धपारदर्शक बाटली दिसते. तिच्यावर किमान आणि कमाल अशा दोन रेषा असतात. बाटलीतील तरंगता गोळा खाली गेला की दिवा लागतो. गाडी वळणावर अथवा चढ-उतारावर असतानाच दिवा लुकलुकत असेल, तर ऑइल किमान रेषेच्या जवळ आल्याचा तो संकेत असतो.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच बहुधा गाळली जाते. ऑइल कमी का झाले, हा प्रश्न विचारला पाहिजे. ही यंत्रणा बंदिस्त आहे. इंजिन ऑइलप्रमाणे ब्रेक ऑइल जळून जात नाही. ते कमी होण्याची मुख्य कारणे दोनच. पॅड झिजले की दट्ट्या अधिक बाहेर येतो आणि त्यामागील मोकळी जागा भरण्यासाठी बाटलीतील ऑइल खाली उतरते. ही घट सावकाश, काही महिन्यांत होते. दुसरे कारण गळती. येथे घट काही दिवसांत, प्रसंगी काही तासांतही होते.

म्हणून केवळ ऑइल ओतून दिवा विझविणे हा उपाय नव्हे. पॅड झिजलेले असतील, तर ते झिजतच राहतात आणि सूचना देणारा दिवा मात्र विझलेला असतो. गळती असेल, तर नव्याने ओतलेले ऑइलही त्याच वाटेने जाते. चारही चाकांच्या आतील बाजू, टायरची भिंत, नळ्यांचे सांधे आणि रबरी होज ओलसर आहेत काय, ते पाहावे. मास्टर सिलिंडरच्या मागून गळणारे ऑइल बूस्टरमध्ये शिरते आणि जमिनीवर त्याचा थेंबही दिसत नाही. पुष्कळ गाड्यांत क्लचलाही याच बाटलीतून ऑइल मिळते. तेव्हा क्लचच्या नळीचीही तपासणी व्हावी.

चौथी पायरी पेडलच्या परीक्षेची. इंजिन चालू ठेवून पेडल हळूहळू दाबावे आणि तसेच धरून ठेवावे. ते पायाखाली सावकाश खाली जात राहिले, तर बाहेर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरमधील रबर निकामी झाले आहे. स्पंजाप्रमाणे मऊ लागले, तर नळ्यांत हवा शिरली आहे. दगडासारखे कठीण लागले, तर बूस्टरचा दोष संभवतो. त्याची खात्री करण्यासाठी इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबावे, नंतर दाबून धरूनच इंजिन चालू करावे. पेडल किंचित खाली गेले, तर बूस्टर कार्यक्षम आहे असे समजावे.

या चारही कसोट्यांत दोष आढळला नाही, तरच पाचव्या पायरीवर, म्हणजे विजेच्या मार्गाकडे वळावे. साध्या रचनेच्या गाडीत बाटलीच्या झाकणाजवळील वायरची जोडणी काढताच दिवा विझला, तर गोळ्याचा स्विच बिघडला आहे. विझला नाही, तर हँडब्रेकचा स्विच किंवा वायर तपासावी. “वायरिंगचा दोष” हा निष्कर्ष अखेरीस काढावयाचा आहे, आरंभी नव्हे.

पिवळा दिवा आणि लाल दिवा

भारतात तयार होणाऱ्या नव्या मोटारींना एप्रिल २०१९ पासून चाके जखडू न देणारी यंत्रणा, म्हणजेच एबीएस, अनिवार्य झाली आहे. तिचा दिवा पिवळा असतो. तो एकटा लागला, तर साधे ब्रेक काम करीत असतात. मात्र ओल्या किंवा वाळू पसरलेल्या रस्त्यावर ब्रेक जोराने दाबल्यास चाके जखडून गाडी घसरण्याचा धोका असतो. चाकाजवळील संवेदकावर चिखल बसणे किंवा त्याची वायर तुटणे, ही याची नेहमीची कारणे होत. पिवळा आणि लाल हे दोन्ही दिवे एकदम लागले, तर पुढील व मागील चाकांत ब्रेकच्या जोराची वाटणी करणारी व्यवस्थाही बंद पडल्याचा संभव असतो. अशी गाडी पुढे न नेणेच श्रेयस्कर.

मोठ्या बसगाड्या व मालमोटारींत बहुधा द्रवाऐवजी दाबयुक्त हवेचे ब्रेक असतात. तेथे लाल दिवा आणि गुणगुणणारा बझर हवेच्या टाकीतील दाब कमी असल्याचे सांगतात. दाब पुरेसा भरून ती सूचना बंद होईपर्यंत गाडी जागची हलवू नये आणि मार्गात ती सूचना मिळाल्यास ताबडतोब सुरक्षित जागी थांबावे.

दिवा जे सांगत नाही

दिवा विझलेला आहे म्हणजे ब्रेक निर्दोष आहेत, असा अर्थ मात्र कोणी घेऊ नये. पुष्कळ गाड्यांत पॅडची झीज थेट मोजणारी सोय नसते. ब्रेक ऑइल जुने झाल्याचेही दिवा सांगत नाही. हे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. ‘डॉट ३’ या प्रमाणाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १४० अंश आहे. ‘डॉट ४’साठी हेच आकडे अनुक्रमे २३० आणि १५५ असे आहेत.

घाटात या आकड्यांचे महत्त्व कळते. १,५०० किलो वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगात असताना थांबविण्यास जितकी ऊर्जा शोषावी लागते, तिच्या सुमारे ३५ पट ऊर्जा तीच गाडी ५०० मीटर खाली उतरताना मोकळी होते. काही भाग इंजिन आणि हवेचा विरोध घेतात. उरलेला सारा उष्णतेच्या रूपाने ब्रेकवर येतो. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून कसारा किंवा आंबोलीचा घाट उतरणारा चालक हा सर्व भार ब्रेकवर टाकतो. ऑइल उकळले की नळ्यांत वाफ होते आणि पेडल रिकामे खाली जाते. लाल दिवा कदाचित लागणारही नाही. यास्तव ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुना नियम आजही तितकाच खरा आहे. पुष्कळ उत्पादक दर दोन वर्षांनी ऑइल बदलण्यास सांगतात. पुस्तिकेत नमूद केलेल्याच प्रमाणाचे ऑइल सीलबंद डब्यातून घ्यावे. इंजिन ऑइल किंवा अन्य खनिज तेल चुकूनही ओतू नये. त्याने यंत्रणेतील रबर फुगून निकामी होते.

मार्गात दिवा लागला तर

अशा वेळी गोंधळून न जाता अॅक्सिलरेटरवरून पाय काढावा आणि पेडल हलके दाबून ब्रेक लागतो काय ते पाहावे. मागील वाहनांना इशारा देऊन डाव्या बाजूस थांबावे. पेडल खोल जात असेल, तर ते भराभर दाबावे, क्रमाक्रमाने खालचा गिअर टाकावा आणि हँडब्रेक सावकाश ओढावा. पेडल खोल जात असेल किंवा ऑइल किमान रेषेखाली असेल, तर ती गाडी दुसऱ्या वाहनावर लादून नेणेच योग्य. हळूहळू चालवीत गॅरेजपर्यंत नेण्याचा मोह टाळावा.

जबाबदारी कोणाची?

दिवा चालकास दिसतो. परंतु गाडी उभी ठेवण्याचा निर्णय पुष्कळदा त्याच्या हाती नसतो. “आजची बैठक आटोपू, उद्या पाहू” असे मागील आसनावरून सांगितले गेले, की चालकाचा नाइलाज होतो. म्हणून चालकाने दोष सांगताच तो वाहनाच्या नोंदवहीत दिनांकासह लिहिला जावा आणि तपासणी झाल्याची नोंद होईपर्यंत वाहन बाहेर पडू नये, एवढा दंडक प्रत्येक कार्यालयाने स्वतःस घालून घ्यावा. दुरुस्तीच्या देयकावर “ब्रेक ऑइल” एवढीच नोंद दर महिन्यास दिसू लागली, तर गळती कोठे आहे, हे विचारण्याचा अधिकार मंजुरी देणाऱ्यास आहे आणि ते त्याचे कर्तव्यही आहे.

शाळेच्या बाबतीत तर हे कर्तव्य अधिकच मोठे. राज्यात २०११ साली शाळेच्या बसगाड्यांसाठी स्वतंत्र नियम करण्यात आले आणि मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली शालेय परिवहन समितीची तरतूद त्यांत आहे. या समितीने महिन्यातून एकदा बसजवळ जाऊन किल्ली फिरवून पाहावे. दिवा लागतो काय, इंजिन चालू झाल्यावर विझतो काय, ऑइल दोन रेषांच्या मध्ये आहे काय आणि पेडल घट्ट आहे काय, या चार प्रश्नांसाठी ना तंत्रज्ञाची गरज आहे, ना खर्चाची. विज्ञानाच्या शिक्षकांनी त्याच वेळी विद्यार्थ्यांना बाटलीतील ऑइल दाखविले, तर पास्कलचा नियम पाठ करावा लागणार नाही. ज्या बसने आपण रोज घरी जातो तिच्यात तो काम करताना त्यांना प्रत्यक्ष दिसेल.