एका पट्टीच्या दोन उलाढाली

अंबाजोगाई तालुक्याचे ठिकाण असले, तरी तिथे रेल्वे नाही. रेल्वे आहे ती याच तालुक्यातल्या घाटनांदूरला. परळीहून लातूर रोडकडे जाणाऱ्या मार्गावरचे हे गाव. आजूबाजूच्या शिवारात सोयाबीन आणि तूर, तर पलीकडे लातूरच्या तेल व डाळ गिरण्या. अशा गावाचा व्यापार आडतीवर चालतो. शेतकरी पोती उतरवतो, आडत्या सौदा जमवून देतो, काटा होतो, हमाली-तोलाईचा हिशेब होतो आणि पट्टी हातात पडते.

अशा आडत दुकानाची वर्षाची उलाढाल किती? प्रश्न साधा, पण प्राप्तिकर कायदा एक आकडा सांगतो आणि जीएसटी कायदा दुसरा. दोन्ही आकडे कायद्याला धरून असतात. गावोगावच्या आडत्यांना येणाऱ्या अनेक नोटिसांचे मूळ या तफावतीत आहे. करसल्लागाराने विवरणपत्राला हात घालण्याआधी पट्टी वाचली पाहिजे, ती यासाठीच.

माल कोणाचा?

मोंढ्यात कच्चा आडत्या आणि पक्का आडत्या हे शब्द जुनेच आहेत. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १७ मार्च १९८६ च्या परिपत्रक क्रमांक ४५२ मध्ये ते जसेच्या तसे स्वीकारले. कच्चा आडत्या म्हणजे निव्वळ मध्यस्थ. माल शेतकऱ्याचा, भाव जो मिळेल तो शेतकऱ्याला सांगायचा, आपल्याला फक्त आडत. पक्का आडत्या सौद्यात स्वतः उभा राहतो. दोन्ही बाजूंना तोच जबाबदार आणि नफा-तोटाही त्याचाच.

लेखापरीक्षणाची मर्यादा मोजताना कच्च्या आडत्याची उलाढाल म्हणजे त्याची आडत, तर पक्क्याची उलाढाल म्हणजे विकलेल्या मालाची पूर्ण किंमत, असे हे परिपत्रक सांगते. समजा, एका दुकानातून वर्षाला ३ कोटींचा माल गेला आणि आडत २ टक्के मिळाली. कच्च्याची उलाढाल ६ लाख, पक्क्याची ३ कोटी.

अडचण व्यवहारातल्या रिवाजाची आहे. शेतकऱ्याला पैसे त्याच दिवशी हवे असतात आणि गिरणी पंधरा दिवसांनी देते. मधले पैसे आडत्या घालतो. गिरणीवाला बुडाला तर फटका कोणाला? उत्तर ‘आडत्याला’ असे असेल, तर स्वतःला कच्चा म्हणवणाऱ्या दुकानावर पक्केपणाची एक खूण उमटलीच.

तूर आणि सोयाबीन

जीएसटीत पहिला फरक पिकाचा. सुटी अख्खी तूर करमुक्त आहे; बियाण्याखेरीजच्या सोयाबीनवर ५ टक्के कर आहे. २०२५-२६ च्या हमीभावाने, म्हणजे ५,३२८ रुपयांनी, हिशेब केला तर क्विंटलमागे २६६ रुपये ४० पैसे. शेतकऱ्याने स्वतः पिकवलेला माल विकला तर त्याला नोंदणीची गरज नाही. शेतमालाच्या खरेदी-विक्रीतली आडत ही सेवाही करमुक्त आहे.

मग आडत्याची नोंदणी? ४ सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकाने फरक केला तो बिलावरून. खरेदीदाराच्या नावे बिल शेतकऱ्याचे असेल तर आडत्या फक्त सेवा देतो. बिल आडत्याच्या नावाचे असेल तर तो कायद्याच्या नजरेत माल पुरवणारा दलाल ठरतो. करपात्र शेतमालाच्या अशा दलालाला उलाढाल कितीही असो, नोंदणी सक्तीची, असे तेव्हा म्हटले होते. दोनच महिन्यांनी, ५ नोव्हेंबरला, शुद्धिपत्रक आले: शेतकरी ‘करपात्र व्यक्ती’ नाही, म्हणून त्याच्या वतीने विकणाऱ्या आडत्याला ही सक्ती नाही.

अनेक जण इथेच वाचन थांबवतात. सक्ती गेली, पण नोंदणीची नेहमीची मर्यादा राहिली आणि ती मोजताना दुसऱ्याच्या वतीने केलेला पुरवठाही उलाढालीत धरावा, असे जीएसटी कायद्याचे कलम २२ स्पष्ट सांगते. फक्त तुरीचे दुकान असेल तर सगळेच करमुक्त, नोंदणी नको. त्याच दुकानात सोयाबीन आले आणि बिल आडत्याच्या नावाने फाटले, की ६ लाखांच्या आडतीवर नव्हे तर ३ कोटींवर मर्यादा तपासायची.

आणखी एक खाच डाळीची. तूर अख्खी असेपर्यंत शेतमाल. गिरणीतून डाळ होऊन आली की १५ नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकानुसार ती शेतमालाच्या व्याख्येबाहेर जाते. गुळाचेही तसेच. म्हणजे तुरीवरची आडत करमुक्त आणि डाळीवरची करपात्र, जरी आडत्या आणि गाळा तोच असला तरी.

नोटीस कुठून येते

मागच्या वर्षी १० कोटींवर उलाढाल असलेल्या गिरणीला १ जुलै २०२१ पासून एका विक्रेत्याकडच्या ५० लाखांपुढील खरेदीवर ०.१ टक्का कर कापावा लागतो. बिल आडत्याचे असल्यामुळे गिरणी विक्रेता म्हणून त्याचाच पॅन टाकते. ३ कोटींवर २५ हजार कापले जातात. रक्कम किरकोळ, पण माग मोठा. प्राप्तिकराच्या वार्षिक माहिती विवरणात हा व्यवहार दिसतो, जीएसटीची उलाढालही दिसते आणि विवरणपत्रात मात्र ६ लाखांची आडत. संगणकाला कच्चा-पक्का कळत नाही. तो फरक काढतो आणि विचारणा धाडतो.

उत्तरात केवळ १९८६ च्या परिपत्रकाचा क्रमांक लिहून भागत नाही. शेतकरीनिहाय पट्टी, त्याला दिलेली रक्कम, गिरणीकडून आलेली रक्कम आणि मधली आडत, ही साखळी पैशापर्यंत जुळावी लागते. शेतकऱ्याला सांगितलेला भाव आणि गिरणीच्या बिलातला भाव यांत फरक निघाला, तर तो आडत्याचा स्वतःचा नफा आणि कच्चेपणाचा दावा तिथेच संपतो.

कच्चा ठरणे नेहमी फायद्याचेच असते असेही नाही. लहान व्यापाऱ्यांसाठीची अंदाजित नफ्याची सवलत, म्हणजे कलम ४४एडी, आडत-दलालीच्या उत्पन्नाला मिळत नाही. पक्क्या व्यापाऱ्याला मर्यादेत राहून ती घेता येते.

रोखीचे गणित

एका व्यक्तीला एका दिवसात १० हजारांहून जास्त रोख दिल्यास तो खर्च नामंजूर होतो. पिकवणाऱ्या शेतकऱ्याला शेतमालापोटी दिलेली रोख या नियमातून सुटते. खेडा खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याला दिलेली सुटत नाही. म्हणून समोरचा शेतकरी आहे की शेतकऱ्यांचा माल गोळा करून आणणारा, याची नोंद पट्टीवर हवी. शेतकऱ्यालाही एका व्यवहारापोटी २ लाख किंवा अधिक रोख घेता येत नाही. हप्ते पाडले तरी व्यवहार एकच राहतो. दंड घेणाऱ्याला आणि तो घेतलेल्या रकमेइतका. ३ नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकाने दोन्ही गोष्टी एकत्र स्पष्ट केल्या आहेत.

बाजार समितीच्या कायद्याखाली काम करणाऱ्या आडत्याने शेतकऱ्यांना देण्यासाठी बँकेतून मोठी रोख काढली, तर त्यावरच्या करकपातीतून २० सप्टेंबर २०१९ च्या अधिसूचनेने सूट आहे. त्यासाठी बँकेला तसे लिहून द्यावे लागते. मात्र एक सापळा आहे. लेखापरीक्षणाची मर्यादा १ कोटीवरून १० कोटी होते ती रोखीचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत असेल तरच. शेतकऱ्याला दिलेली रोख खर्च म्हणून मंजूर असली, तरी या ५ टक्क्यांत मोजली जाते. रोख देऊन हे प्रमाण ओलांडणाऱ्या आणि अंदाजित नफ्याची सवलत न घेतलेल्या पक्क्या आडत्याला १ कोटी ओलांडताच लेखापरीक्षण चुकत नाही.

आता काय करावे

प्राप्तिकर कायदा, २०२५ च्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ आहे. ५३६ कलमांचा हा कायदा ‘मागील वर्ष’ आणि ‘निर्धारण वर्ष’ यांच्या जागी ‘करवर्ष’ आणतो. कलमांचे क्रमांक बदलतात. आधीच्या वर्षांचे वाद जुन्याच कायद्याने चालतात. सल्लागाराला काही काळ दोन्ही पुस्तके उशाला ठेवावी लागतील.

पण आडत्याचा प्रश्न नव्या पुस्तकाने सुटणारा नाही. वर्षाच्या सुरुवातीलाच कोणत्या मालात आपण कच्चे आणि कोणत्यात पक्के, हे ठरवावे आणि दोन्हींच्या वह्या वेगळ्या ठेवाव्यात. कच्च्या व्यवहारात पट्टीवर शेतकऱ्याचे नाव, गिरणीचा खरा भाव आणि आडत वेगळी दाखवावी. बुडीत रकमेची जोखीम कोणाची, हे गिरणीशी लेखी ठरवावे. गिरणीच्या बिलावर कोणाचे नाव जाते, ते पहिल्याच गाडीला तपासावे. बिल एक बोलते आणि वही दुसरे, अशा स्थितीत वकील कितीही मोठा दिला तरी अधिकारी बिलावरच विश्वास ठेवणार. कच्चा की पक्का, हे शेवटी दुकानावरच्या पाटीने ठरत नाही. तोटा झाल्यावर तो कोणाच्या खात्यात लिहिला गेला, यावरून ठरते.