नाचाआधीची बैठक

‘सनबर्न’ हा इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा महोत्सव २०२५ मध्ये १९ ते २१ डिसेंबरला मुंबईत, शिवडीला ठरला. बातमी आल्यापासून दोन्ही बाजूंचं ठरलेलं बोलणं ऐकून झालं. एका बाजूला संस्कृती बुडाली, दुसऱ्या बाजूला पर्यटनाची भरभराट झाली. कोण वाजवणार आणि तिकीट कितीला, हे मुलांना पाठ आहे. मला मात्र या महोत्सवाचा प्रवास पुन्हा पुन्हा तपासावासा वाटतो. २००७ साली तो गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यावर सुरू झाला आणि पुढे वागातोरला गेला. २०१६ मध्ये पुण्याजवळ केसनंदला आला, पुढच्या वर्षी लवळ्याला. मग पुन्हा गोवा. २०२४ मध्ये पेडणे तालुक्यातलं धारगळ, तिथे प्रकरण हायकोर्टात गेलं. आणि २०२५ मध्ये शिवडी. गावं बदलली, भांडण तेच राहिलं : आवाज, वाहतूक, अमली पदार्थ आणि आम्हाला न विचारता परवानगी कोणी दिली, हा सवाल. एका गावात वाद पेटला की मुक्काम दुसऱ्या गावी हलवायचा, आणि तिथे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हे डोक्यात घेऊनच ऑक्टोबरात ॲमस्टरडॅमला गेले. तिथे दरवर्षी याच महिन्यात, बुधवार ते रविवार, ‘ॲमस्टरडॅम डान्स इव्हेंट’ असतो. सगळे त्याला ‘एडीई’ म्हणतात. १९९६ साली तो काही शे माणसांची परिषद म्हणून सुरू झाला. आज हजाराहून जास्त कार्यक्रम, दोनशेच्या आसपास जागा, अडीच हजारांवर कलाकार आणि पाच लाखांवर येणारी माणसं, असा त्याचा पसारा आहे. खुद्द शहराची वस्ती नऊ लाखांच्या थोडी वर. म्हणजे शहराच्या वस्तीच्या निम्म्याहून जास्त माणसं पाच दिवसांत नाचायला येतात आणि तरीही सकाळी ट्राम वेळेवर सुटते, शाळा भरतात.

याचं एक कारण, तिथे एकच एक मैदान नाही. ‘पॅराडिसो’ हे जुनं चर्च, १९६८ पासून संगीताचं घर. ‘मेल्कवेख’ पूर्वी दुधाचा कारखाना होता. आय या जलमार्गाच्या उत्तर काठावर जहाजबांधणीची जुनी गोदी आहे, तिथल्या शेडमध्ये रात्र रंगते. आणि वेस्टरगासला ‘गासहाउडर’ : शहराला गॅस पुरवण्यासाठी बांधलेली प्रचंड गोल टाकी, मध्ये एकही खांब नाही. १९९७ पासून ‘अवेकनिंग्ज’च्या टेक्नोच्या रात्रींशी तिचं नाव जोडलं गेलं आहे. आत उभं राहिलं की खालचा खर्ज आधी पायाला कळतो, मग छातीला. दाराबाहेर येऊन कालव्याकडे थोडं चाललं, की सायकलची घंटा स्वच्छ ऐकू येते. टाकी बांधणाऱ्यांच्या मनात संगीत नव्हतं. तिला संगीताजोगी करण्याचं काम नंतरच्या माणसांनी बसून केलं. ते बसणं बघायलाच मी गेले होते.

एडीईचा दिवस रात्रीइतकाच मोठा असतो, आणि आपल्याकडच्या बातम्यांत तो कधी येत नाही. काइझर्सग्राख्त कालव्यावर ‘फेलिक्स मेरिटिस’ नावाची १७८८ सालची इमारत आहे. शहरातल्या ज्ञानप्रेमी नागरिकांनी बांधलेली, वर लंबगोल संगीतसभागृह असलेली. परिषद अनेक वर्षं तिथे भरत आली आहे. गळ्यात पास अडकवलेली माणसं जिन्यावर एकमेकांना वाट देत चढउतार करत असतात : वकील, एजंट, कानाचे डॉक्टर, क्लबचे मालक, महापालिकेचे अधिकारी आणि पेनड्राइव्ह घट्ट धरून फिरणारी विशीतली पोरं. करारातली कलमं, सततच्या विमानप्रवासानं खचणारे डीजे, कृत्रिम बुद्धिमत्तेनं उचललेले आवाज, यावर तासन्‌तास बोलणं चालतं. नवख्या निर्मात्यांचे ट्रॅक लेबलवाले सगळ्यांसमोर ऐकतात आणि कुठे कंटाळा आला ते तिथल्या तिथे सांगतात.

मला सगळ्यात जास्त अडकवून ठेवलं ते हक्काच्या पैशाच्या चर्चेनं. क्लब दरवर्षी संगीतासाठी परवाना शुल्क भरतो. पण त्या रात्री नेमकं काय वाजलं? डीजे दोन-तीन ट्रॅक एकमेकांत मिसळतो, वेग वाढवतो, निम्मा भाग कापतो. यादी कोणी ठेवत नाही. मग पैसे रेडिओवर काय वाजतं त्याच्या अंदाजानं वाटले जायचे, आणि ज्याच्या ट्रॅकवर पहाटे तीनला हजार माणसं नाचली त्याला काहीच मिळायचं नाही. यावर उपाय म्हणजे मिक्सरला जोडलेली एक पेटी. ती आवाजाचे छोटे तुकडे टिपते, त्यांचा ठसा साठ्याशी ताडून बघते आणि वेग बदललेला असला तरी बहुतेक वेळा ट्रॅक ओळखते. ‘डीजे मॉनिटर’ ही डच कंपनी हेच करते आणि यादी ‘बूमा’ या तिथल्या हक्कवसुली संस्थेकडे जाते. एडीईचा जन्मसुद्धा याच बूमाच्या पाठबळावर चालणाऱ्या संस्थेतून झाला. जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एका मेळाव्याच्या मुळाशी रचनाकाराच्या हक्काचा विचार आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

इथे मुंबईचा एक धागा आहे आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. चरणजित सिंग हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गिटार आणि सिंथेसायझर वाजवत. रोलँड कंपनीची टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही यंत्रं तेव्हा नवी होती. त्यांनी ती आणली आणि १९८२ साली एचएमव्हीसाठी भैरव, ललत, मेघमल्हार अशा दहा रागांची डिस्कोच्या ठेक्यावर एक तबकडी केली. ती फारशी खपली नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोत त्याच टीबी-३०३ मधून ‘ॲसिड हाउस’चा तो वळवळता आवाज निघाला आणि जगभर गाजला. एडो बाउमन या डच संग्राहकाला सिंगांची तबकडी भारतातल्या एका दुकानात सापडली. त्यानं त्यांना मुंबईत शोधून काढलं आणि २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध केली. सत्तरीच्या घरातल्या सिंगांना युरोपातले तरुण ऐकायला आले. २०१५ साली मुंबईतच त्यांचं निधन झालं. त्यांना शोधायला डच माणूस यावा लागला, कारण कोणी काय वाजवलं याची नोंद ठेवणं हे तिथे काम मानलं जातं. आपल्याकडे २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांचा वाटा कायद्यात पक्का झाला. क्लबमध्ये किंवा मैदानात वाजलेल्या प्रत्येक ट्रॅकपर्यंत तो वाटा पोहोचवायचा असेल तर ती पेटी इथेही बसवावी लागेल.

आता मिरिक मिलान. ॲमस्टरडॅमहून मुंबईनं एकच गोष्ट घ्यायची असेल तर या माणसाचं काम घ्यावं. मिलान क्लबच्या पार्ट्यांचे आयोजक होते. २०१२ साली ते शहराचे ‘रात्रीचे महापौर’ निवडले गेले. या पदाला परवाने देण्याचा अधिकार नाही, हाताशी पोलीस नाहीत. पण २०१४ मध्ये त्याची रीतसर संस्था झाली आणि तिचा निम्मा खर्च महापालिकेनं, निम्मा क्लबवाल्यांनी उचलला. दोघांच्या पैशावर चालणारा माणूस दोघांनाही तोंडावर खरं सुनावू शकतो. पालिकेनं बोलावलं की क्लबवाल्यांना वाटतं दंड होणार. क्लबवाल्यांनी बोलावलं की पालिकेला वाटतं सवलत मागणार. तिसऱ्यानं बोलावलं तर दोघंही येतात, आणि शेजारच्या इमारतीतल्या आजीही येतात.

मिलान यांचा पहिला मोठा मुद्दा बंद होण्याच्या वेळेचा होता. सगळे क्लब एकाच वेळी बंद झाले, की हजारो माणसं एकाच क्षणी रस्त्यावर येतात. आरडाओरडा, टॅक्सीसाठी हमरीतुमरी, भिंतीवर लघवी, सगळं त्या अर्ध्या तासातलं. म्हणून शहराच्या मध्यापासून दूरच्या काही जागांना चोवीस तासांचे परवाने मिळाले. अट अशी की जागेनं फक्त दारू आणि नाच विकू नये. प्रदर्शन, खाणावळ, कलावंतांना कामाची जागा, असं काहीतरी शहराला परत द्यावं. वर्तमानपत्रांच्या जुन्या छापखान्यातला ‘ट्राउ’ अशांपैकी एक होता. आणि वेळेचं बंधन सुटल्यावर माणसं हळूहळू घरी जाऊ लागली.

दुसरा प्रयोग २०१५ चा, रेम्ब्रांटप्लाइन चौकातला. आठवडाअखेरच्या रात्री तिथे मारामाऱ्या नित्याच्या. पोलीस वाढवण्याऐवजी प्रशिक्षण दिलेले ‘यजमान’ नेमले गेले. झिंगलेल्या पोराला हळू बोलायला सांगायचं, एकट्या मुलीला टॅक्सीपर्यंत सोडायचं, रहिवाशाची तक्रार तिथल्या तिथे मिटवायची. पोलिसांना बोलवायचं ते अगदी शेवटी. दारूमुळे होणारी हिंसा सुमारे चतुर्थांशानं घटल्याचं मिलान सांगत आले. हे पद मग शहराशहरांत पसरलं. लंडननं २०१६ मध्ये असं माणूस नेमलं, न्यू यॉर्कनं २०१८ मध्ये खातंच उघडलं. ॲमस्टरडॅमलाही सगळं साधलं आहे असं नाही. जुन्या तंत्रशाळेतला ‘दे स्कूल’ हा नावाजलेला क्लब २०२४ च्या जानेवारीत बंद झाला, आणि मध्यवस्तीतले रहिवासी पर्यटकांना कंटाळलेले आहेत. पण ही भांडणं टेबलाशी बसून होतात.

आवाजाचंच बघा. नेदरलँड्समध्ये सरकार आणि कार्यक्रमवाले यांच्या करारात ऐकणाऱ्याच्या कानाचा विचार केला गेला. प्रौढांसाठी पंधरा मिनिटांची सरासरी १०३ डेसिबलच्या आत, मुलांसाठी त्याहून खाली. शिवाय कानात घालायचे बोळे दारातच मिळतात. आपले २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आवाज मोजतात तो जागेच्या हद्दीवर : भोवतालच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल वर किंवा ७५ डेसिबल, यातला कमी असेल तो. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर उघड्यावर बंद, वर्षाकाठी फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट. शेजाऱ्यासाठी हे नियम चांगलेच आहेत. पण भिंतीच्या आत, स्पीकरसमोर उभ्या असलेल्या विशीतल्या मुलीच्या कानाचं काय? विसर्जन मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे बापाच्या खांद्यावर बसलेल्या चार वर्षांच्या पोराचं काय? महोत्सव उच्चभ्रूंचा आणि मिरवणूक आपली, असा भेद कानाला कळत नाही. दोन्हीसाठी बैठक एकच हवी.

मुंबईत रात्रीचा विचार नेहमी दुकानाच्या वेळेपाशी येऊन थांबतो. २०२५ च्या ऑक्टोबरात सरकारनं दुकानं, हॉटेलं चोवीस तास उघडी ठेवायला मुभा असल्याचं पुन्हा स्पष्ट केलं, दारूची ठिकाणं वगळून. २०२० मध्येही अशीच घोषणा झाली होती. पण त्या रात्रीची जबाबदारी कोणाची? २०१७ च्या डिसेंबरात कमला मिलच्या गच्चीवरच्या आगीत १४ जीव गेले. जुन्या गिरणीत करमणूक आली, पण जिने, छप्पर, शेजार आणि बंब यांचा मेळ घालणारं कोणी नव्हतं. अग्निशमन, अबकारी, पोलीस, पालिका, प्रत्येकाचा कागद वेगळा. असा कागद गोळा करता करता मेटाकुटीला आलेले छोटे आयोजक मला माहीत आहेत. मोठ्यांना माणसं ठेवून तो मिळवता येतो, छोटे रात्रीचे कार्यक्रमच सोडून देतात. नव्या संगीताची गळचेपी होते ती तिथे.

शिवडीत क्षयरोग रुग्णालय आहे. गोदीच्या आसपास कष्टकऱ्यांच्या जुन्या वस्त्या आहेत. खाडीच्या दलदलीत थंडीत फ्लेमिंगो उतरतात. महोत्सव ठरल्यापासून तो सुरू होईपर्यंत काही आठवडे असतात. महापालिकेच्या एफ दक्षिण विभाग कार्यालयात एक बैठक बोलवायला तेवढा वेळ पुरे. रुग्णालयाचे प्रमुख, वस्त्यांतले रहिवासी, पक्षिअभ्यासक, वाहतूक पोलीस आणि आयोजकांचा ध्वनितंत्रज्ञ, सगळे एका खोलीत. स्पीकरची तोंडं कोणत्या दिशेला, शेवटची लोकल सुटायच्या आत मैदान कसं रिकामं होणार, प्यायला पाणी फुकट कुठे, गर्दीत कोणी कोसळलं तर पोलिसांच्या भीतीशिवाय डॉक्टरांना काय घेतलं ते सांगता येईल अशी जागा कुठे, आणि रात्री खिडकीची काच थरथरली तर शिवडीच्या माणसानं कोणता नंबर फिरवायचा. तो फोन उचलणाऱ्याला आवाज कमी करायला सांगण्याचा अधिकार हवा, आणि तो नंबर महोत्सवाच्या आधी प्रत्येक जिन्यात लागायला हवा.