श्रद्धा आणि शंका (लेखांक ५) : डार्विन यांच्या अभ्यासिकेतला प्रश्न

२८ सप्टेंबर १८८१ या दिवशी इंग्लंडमधल्या केंट परगण्यात, डाउन गावच्या घरी, चार्ल्स डार्विन यांच्याकडे दोन पाहुणे जेवायला आले होते. एक जर्मन वैद्य आणि जडवादी लेखक लुडविग ब्यूखनर. दुसरे एडवर्ड एव्हलिंग, जेमतेम एकतीस वर्षांचे, शरीररचनाशास्त्र शिकवणारे आणि नास्तिकतेचा जाहीर प्रचार करणारे. जेवणं झाल्यावर मंडळी अभ्यासिकेत बसली. डार्विन यांचा मुलगा फ्रान्सिसही सोबत होता. विषय डार्विन यांनीच काढला : तुम्ही स्वतःला नास्तिक का म्हणवून घेता?

एव्हलिंग यांनी सविस्तर उत्तर दिलं. देव नाहीच असं सिद्ध केल्याचा आमचा दावा नाही, कारण तसं सिद्ध करता येत नाही. पण तो आहे असं मानायला पुरावाही दिसत नाही, म्हणून आम्ही त्याच्यावाचून राहतो. डार्विन एकेका मुद्द्याला मान डोलवत गेले. शेवटी म्हणाले की विचार माझेही असेच आहेत, पण मी स्वतःला अज्ञेयवादी म्हणणं पसंत करीन. आणि वर विचारलं, इतकं आक्रमक व्हायची गरज काय?

दोन वर्षांनी, डार्विन गेल्यानंतर, एव्हलिंग यांनी ही भेट एका पुस्तिकेत छापली आणि आपला निष्कर्ष जोडला. अज्ञेयवादी म्हणजे सभ्य पोशाख घातलेला नास्तिक आणि नास्तिक म्हणजे आक्रमक झालेला अज्ञेयवादी; फरक एवढाच. फ्रान्सिस यांनी संभाषणाचा वृत्तांत खरा ठरवला, पण निष्कर्ष मान्य केला नाही. एव्हलिंगना जो फरक वरवरचा वाटला, त्यानेच आपले वडील त्यांच्यासारख्यांहून पूर्णपणे वेगळे ठरतात, असं त्यांचं मत होतं. दोघांपैकी बरोबर कोण, हाच आजच्या भागाचा विषय आहे. गेल्या आठवड्यात आपण चार्वाकांचा ठाम नकार पाहिला. आज त्या नकाराच्या शेजारी उभी असलेली भूमिका पाहू.

आधी एक गुंता सोडवून घ्यायला हवा. देव आहे असं तुम्ही मानता का, हा एक प्रश्न. देव आहे की नाही हे तुम्हाला माहीत आहे का, किंवा माणसाला कळू शकतं का, हा दुसरा. पहिला विश्वासाचा, दुसरा ज्ञानाचा. समोर ज्वारीचं पोतं आहे आणि कुणीतरी छातीठोकपणे सांगतो की यातले दाणे सम संख्येचे आहेत. मोजल्याशिवाय मी ते मानणार नाही. याचा अर्थ दाणे विषम आहेत असं मी मानतो, असा होत नाही. मी त्याचं विधान स्वीकारलं नाही आणि खरी संख्या मला माहीत नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. म्हणूनच एकाच माणसाला विश्वासापुरतं नास्तिक आणि ज्ञानापुरतं अज्ञेयवादी असता येतं. उलट, देवाचं अस्तित्व सिद्ध करता येत नाही हे कबूल करून त्याच्यावर श्रद्धा ठेवणारे भाविकही असतात. अज्ञेयवाद हे आस्तिकता आणि नास्तिकता यांच्या मधलं स्थानक आहे, हा समज इथेच कोसळतो.

तर्कापुरतं पाहिलं तर एव्हलिंग यांचं म्हणणं बरंचसं बरोबर होतं. त्यांचे तेव्हाचे सहकारी चार्ल्स ब्रॅडलॉ यांनीही १८६४ मध्येच लिहून ठेवलं होतं की नास्तिक ‘देव नाही’ असं म्हणत नाही; ‘देव’ म्हणजे तुम्हाला नेमकं काय म्हणायचंय तेच मला समजत नाही, असं तो म्हणतो. ही भूमिका पुष्कळ अज्ञेयवाद्यांनाही मान्य व्हावी. पण ब्रॅडलॉ लंडनच्या पूर्व भागातल्या गरीब घरातले आणि त्यांनी निवडलेलं नाव बदनाम होतं. १८८० मध्ये नॉर्थॅम्प्टनच्या मतदारांनी त्यांना संसदेत पाठवलं. देवाच्या नावाने शपथ घेण्याऐवजी साधी प्रतिज्ञा करू द्या, अशी त्यांची विनंती होती. ती नाकारली गेली. मग शपथ घेतो म्हणाले, तर नास्तिकाची शपथ खोटी म्हणून तीही घेऊ दिली नाही. संसदेच्या घंटाघरात त्यांना एक रात्र कोंडलं गेलं. मतदारांनी पुन्हा पुन्हा निवडून दिल्यावर १८८६ मध्ये कुठे ते आसनावर बसले. १८८८ मध्ये त्यांनी प्रतिज्ञेचा हक्क देणारा कायदा करवून घेतला आणि पुढच्याच वर्षी डिसेंबरात मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला ते पाहुणे म्हणून आले. १८९१ च्या जानेवारीत ते मृत्युशय्येवर असताना त्यांना रोखणारा जुना ठराव संसदेने आपल्या दप्तरातून काढून टाकला. इतकं सोसलेल्या माणसाच्या गोटातून, आपल्याच विचारांची पण मऊ नावाची मंडळी सोयीची वाट धरताहेत असं दिसलं असेल, तर त्यात मला नवल वाटत नाही.

तरीही एव्हलिंग चुकले असं मी म्हणते, आणि त्याचं कारण जीवशास्त्रज्ञ टॉमस हेन्री हक्सली आहेत.

‘अज्ञेयवादी’ हे नाव हक्सली यांनी १८६९ मध्ये घडवलं. त्या वर्षी लंडनमध्ये मेटाफिजिकल सोसायटी नावाची चर्चामंडळी स्थापन झाली. कवी टेनिसन, कॅथलिक आर्चबिशप मॅनिंग, ग्लॅडस्टन असे एकमेकांशी अजिबात न पटणारे लोक तिथे एकत्र येत. प्रत्येकाकडे आपल्या मताचं एक नाव होतं आणि विश्वाचं कोडं आपल्याला उलगडल्याची खात्रीही होती. हक्सली यांच्याकडे दोन्ही नव्हतं. नाव त्यांनी तयार केलं. खात्रीचं सोंग मात्र केलं नाही.

ते का केलं नाही, हे समजायला नऊ वर्षं मागे जावं लागतं. १८६० च्या जूनमध्ये ऑक्सफर्डला बिशप विल्बरफोर्स यांच्याशी त्यांचा उत्क्रांतीवरून गाजलेला खटका उडाला. सप्टेंबरात त्यांचा थोरला मुलगा नोएल स्कार्लेट फिव्हरने गेला. तो चार वर्षांचाही नव्हता. कादंबरीकार आणि धर्मगुरू चार्ल्स किंग्जली यांनी सांत्वनाच्या पत्रात आत्म्याच्या अमरत्वाची आशा पुढे केली. हक्सली यांचं उत्तर मोठं आणि फार हळवं आहे. अमरत्व मी नाकारत नाही आणि मान्यही करत नाही, असं ते लिहितात. मानायला मला कारण दिसत नाही आणि खोडून काढायला साधन नाही. पण एखादी गोष्ट खरी असावी अशी मनाची ओढ आहे, एवढ्यावर ती खरी मानणं मला जमणार नाही. जी आशा क्षुल्लक प्रश्नात पुरावा म्हणून मी घेणार नाही, ती सगळ्यांत मोठ्या प्रश्नात कशी घेऊ?

पोटचं मूल गेलेल्या बापाने, सांत्वन हाताशी असताना, आठवड्याभरात हे लिहिलं. याला कुंपणावर बसणं म्हणता येत नाही. पुढे १८८९ च्या लेखात त्यांनी स्पष्टच केलं की अज्ञेयवाद हा पंथ नव्हे, ती एक पद्धत आहे : बुद्धी नेईल तिथवर जायचं आणि जे सिद्ध झालेलं नाही किंवा होऊ शकत नाही ते सिद्ध झाल्यासारखं बोलायचं नाही. ही शिस्त देवापुरती नाही. औषध, इतिहास, शेजाऱ्याविषयीची कुजबुज, सगळीकडे ती लागू होते. नास्तिकता एका प्रश्नावरचं मत सांगते. हक्सली यांचा अज्ञेयवाद कुठलंही मत कसं बनवावं ते सांगतो. एव्हलिंग यांच्या हातून हा मुद्दा निसटला.

अज्ञेयवादातही दोन प्रकार आहेत. हर्बर्ट स्पेन्सर यांनी १८६२ च्या ग्रंथात विश्वाच्या मुळाशी एक तत्त्व मानलं, जे कधीच कळणार नाही. हक्सली यांना एवढंही जड वाटे. आज कळलेलं नाही असं म्हणता येईल, पण कधीच कळणार नाही हे तरी आपल्याला कुठून कळलं?

आपल्याकडे हा विचार स्पेन्सर आणि मिल यांच्या वाचनातून गोपाळ गणेश आगरकरांपर्यंत आला. आगरकर अज्ञेयवादी होते आणि देवांच्या कथांबाबत त्यांनी जराही गुळमुळीतपणा केला नाही. ‘देवतोत्पत्ती’ या निबंधात माणसाच्या मनात देव कसे निर्माण झाले याची ते सरळ मीमांसा करतात. विश्वाच्या आदिकारणाबद्दल मौन आणि हाडामांसाच्या, नैवेद्य घेणाऱ्या, कोपणाऱ्या देवांबद्दल नकार, असा हा दुहेरी पवित्रा होता. लंडनमध्ये अज्ञेयवाद सभ्य ठरला असेल. हक्सली रॉयल सोसायटीचे अध्यक्षही झाले. पुण्यात सनातन्यांनी आगरकरांची प्रेतयात्रा ते जिवंत असताना काढली. सभ्य पोशाखाचा सिद्धांत बुधवार-शनिवार पेठेत टिकत नाही. आगरकर १७ जून १८९५ रोजी गेले आणि हक्सली त्यानंतर बाराच दिवसांनी, २९ जूनला.

हाच दुहेरी पवित्रा बर्ट्रांड रसेल यांनी १९४७ मध्ये उलगडून सांगितला. तत्त्वज्ञांपुढे मी अज्ञेयवादी आहे, कारण देव नाही याचा निर्णायक पुरावा माझ्याकडे नाही. पण रस्त्यावरच्या माणसाला मी नास्तिक आहे असंच सांगायला हवं, कारण झ्यूस आणि पोसायडन नाहीत हेही मला सिद्ध करता येत नाही आणि तरी ते असतील असं मी क्षणभरही धरून चालत नाही. मला हे उत्तर प्रामाणिक वाटतं. ‘कोणता देव?’ हे विचारल्याशिवाय दोन्हींपैकी कुठलंही नाव नीट लागू होत नाही. नवसाला पावणारा, की विश्वाचा न दिसणारा आधार? पहिल्याबद्दल पुरावा मागता येतो आणि तो मिळाला नाही तर नाकारताही येतं. दुसऱ्याबद्दल पुरावा कसा असेल हेच ठरत नाही.

राहतो व्यवहार. आपल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्यांसाठी आणि लोकप्रतिनिधींसाठी दोन पर्याय आहेत : ईश्वराच्या नावाने शपथ, किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा. ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्यासाठी तिसरी ओळ नाही आणि तिची गरजही नाही. ज्याचं अस्तित्व आपल्याला ठाऊक नाही, त्याला साक्षीला बोलावणं हक्सली यांच्या शिस्तीत बसणार नाही. तिथे अज्ञेयवादी आणि नास्तिक एकाच ओळीवर बोट ठेवतील, पण त्या ओळीपर्यंत ते वेगवेगळ्या वाटांनी आलेले असतील.

पुढच्या आठवड्यात मगधात जाऊ. परलोक आहे का, या प्रश्नाला ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही म्हणणारा संजय बेलट्ठिपुत्त आणि असे प्रश्न बाजूला ठेवणारे बुद्ध, या दोघांचं मौन एकच होतं का, ते पाहायचं आहे.